आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र विद्यापीठात कसं शिकावं: प्रवेशापासून प्रबंधापर्यंत

15 ऑगस्ट 1971 रोजी, रविवारी संध्याकाळी, अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी टीव्हीवरून जाहीर केलं की परदेशी सरकारांना यापुढे डॉलरच्या बदल्यात सोनं मिळणार नाही. 1944 मध्ये ब्रेटन वूड्स इथे 44 देशांनी मिळून आखलेल्या चलनव्यवस्थेचा पायाच त्या एका भाषणाने निखळला.

हे का घडलं? अर्थशास्त्राचा विद्यार्थी सांगेल की एका औंसाला 35 डॉलर या ठरलेल्या भावाने द्यायला अमेरिकेकडे पुरेसं सोनं उरलं नव्हतं, कारण परदेशांत साठलेले डॉलर त्या सोन्याच्या कितीतरी पुढे गेले होते. राज्यशास्त्राचा विद्यार्थी सांगेल की व्हिएतनामच्या युद्धाचा खर्च चालू होता, 1972 ची निवडणूक तोंडावर आली होती आणि बेकारी वाढू देणं निक्सनना परवडणारं नव्हतं. दोघांचंही खरं आहे आणि दोघांचंही अपुरं आहे. सोन्याचा तुटवडा तर कित्येक वर्षं आकड्यांत दिसत होता. त्यावरचा तोडगा मित्रराष्ट्रांना न विचारता, वर आयातीवर 10 टक्के जादा शुल्क बसवून का काढला गेला, हे नुसते आकडे सांगत नाहीत. पण आकडे समजल्याशिवाय निक्सनपुढे कोणते मार्ग मोकळे होते तेही कळत नाही.

या दोन अर्ध्या उत्तरांची सांगड घालणं हेच आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्राचं काम. ब्रिटिश अभ्यासक सुझन स्ट्रेंज यांनी 1970 साली एका गाजलेल्या लेखात तक्रार केली होती की आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे दोन विषय एकमेकांकडे पाठ फिरवून बसले आहेत. आज अनेक विद्यापीठांत हा विषय स्वतंत्रपणे शिकवला जातो, तरी ती पाठ पुरती वळलेली नाही. बहुतेक विद्यार्थी यातला आपल्याला सोपा जाणारा अर्धा भाग शिकून बाहेर पडतात. तसं होऊ नये म्हणून अभ्यास कसा लावावा, ते पुढे क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: विभाग कोणत्या घडणीचा आहे ते पाहा

एकाच नावाचा अभ्यासक्रम दोन विद्यापीठांत अगदी वेगळा असू शकतो. ढोबळमानाने या विषयाच्या दोन परंपरा मानल्या जातात. अमेरिकी म्हणून ओळखली जाणारी परंपरा गृहीतक मांडते, आकडेवारीने तपासते, आणि देशांतर्गत हितसंबंध व संस्था यांच्यातून सरकारं अशी का वागतात हे शोधते. ब्रिटिश म्हटली जाणारी परंपरा इतिहासाकडे, सत्तेच्या रचनेकडे आणि न्याय-अन्यायाच्या प्रश्नाकडे जास्त वळते. ही नावं भूगोलापेक्षा स्वभाव सांगतात. ब्रिटनमध्ये पहिल्या प्रकारचे विभाग आहेत आणि अमेरिकेत दुसऱ्या प्रकारचे शिक्षक आहेत.

विभागाच्या जाहिरात-पत्रकावरून हे कळत नाही. अनिवार्य विषयांची यादी उघडा. संख्याशास्त्र अनिवार्य आहे का? आर्थिक इतिहासाचा एक तरी विषय आहे का? आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र खुद्द अर्थशास्त्र विभागाकडून शिकवलं जातं की त्याची पातळ आवृत्ती? मग तिथल्या शिक्षकांचे अलीकडचे दोन-तीन लेख चाळा. त्यांत तक्ते आणि समीकरणं भरलेली आहेत की अभिलेखागारातले कागद आणि मुलाखती, यावरून पुढची दोन-तीन वर्षं तुमच्याकडून काय करून घेतलं जाईल याचा बराच अंदाज येतो.

माझं मत स्पष्ट आहे. पदवीला असाल तर जिकडे तुम्ही कच्चे आहात ती बाजू जिथे नीट शिकवली जाते तो विभाग निवडा. पदव्युत्तर पातळीवर मात्र आपल्या प्रश्नाला साजेसा विभाग घ्या, कारण एक-दोन वर्षांत स्वभाव बदलायला वेळ नसतो.

दुसरी पायरी: अर्थशास्त्राचा कणा आधी पक्का करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. राज्यशास्त्राकडून आलेले विद्यार्थी नेमकी हीच पायरी ओलांडून जातात आणि पुढे प्रत्येक लेखात अडखळतात. सगळं अर्थशास्त्र लागत नाही. तीन गोष्टी मात्र कागद-पेन घेऊन, स्वतः सोडवून यायला हव्यात.

पहिली, तुलनात्मक लाभ. डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये दिलेलं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये ठरावीक कापड विणायला वर्षभर 100 माणसं लागतात आणि ठरावीक दारू गाळायला 120. पोर्तुगालमध्ये तेच कापड 90 माणसांत होतं आणि तीच दारू 80 माणसांत. म्हणजे दोन्हींत पोर्तुगाल सरस. तरीही इंग्लंडने कापड देऊन दारू घेतली तर 120 माणसांचं काम 100 जणांच्या श्रमात भागतं, आणि पोर्तुगालला 90 जणांचं कापड 80 जणांच्या श्रमात मिळतं. दोघांचाही फायदा. हे स्वतः मांडून पाहिल्याशिवाय मुक्त व्यापारावर टीका करायला बसू नका.

मांडून झालं की त्याच उदाहरणाची राजकीय बाजू शोधा. इंग्लंड-पोर्तुगालच्या व्यापाराला 1703 च्या मेथ्युएन कराराचा मोठा आधार होता. पोर्तुगालने इंग्लिश लोकरी कापडाला बाजार खुला केला आणि इंग्लंडने पोर्तुगीज दारूवर फ्रेंच दारूपेक्षा एक तृतीयांश कमी शुल्क लावायचं मान्य केलं. त्यामागे फ्रान्सविरुद्धचं युद्ध होतं, आणि पोर्तुगालची तूट भरून काढायला ब्राझीलमधून येणारं सोनं होतं. रिकार्डोंचं गणित यामुळे खोटं ठरत नाही. पण व्यापार कोणत्या वस्तूंचा आणि कोणाशी व्हावा हे केवळ माणसांच्या श्रमाने ठरलं नव्हतं, हे लक्षात येतं.

दुसरी, व्यवहारतोल, म्हणजे देशाच्या बाकी जगाशी झालेल्या सगळ्या देवाणघेवाणीचा हिशेब. चालू खातं (माल, सेवा आणि उत्पन्नाची देवाणघेवाण), भांडवली आणि वित्तीय खातं (कर्ज आणि गुंतवणूक), परकीय चलनाची गंगाजळी, हे एकमेकांशी कसं जुळतं ते एखाद्या देशाचा खरा तक्ता समोर ठेवून शिका. चालू खात्यात तूट असेल तर तेवढा पैसा बाहेरून कर्ज किंवा गुंतवणूक म्हणून आलेला असतो, किंवा गंगाजळी घटलेली असते. यापलीकडे वाट नाही. एवढं पक्कं बसलं की "तूट म्हणजे तोटा" हे वर्तमानपत्री समीकरण गळून पडतं. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. वसाहतकाळात भारताची निर्यात आयातीपेक्षा जास्त असे, म्हणजे व्यापारतोल अनुकूल होता, तरीही देश गरीब होत चालला होता. दादाभाई नौरोजींचा निःसारणाचा सिद्धान्त नेमका इथेच बोट ठेवतो: निर्यातीचं आधिक्य इंग्लंडमधले प्रशासकीय खर्च, निवृत्तिवेतनं, व्याज या रूपाने परत न येण्यासाठीच बाहेर जात होतं. ताळेबंदातली एक ओळ घेऊन तिच्यामागची सत्ता उघडी करण्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही, आणि पाठ्यपुस्तकांनी ते इतकी वर्षं बाजूला ठेवलं याची खंत वाटते.

तिसरी, मुंडेल आणि फ्लेमिंग या अर्थशास्त्रज्ञांच्या कामातून आलेली त्रिकोणी कोंडी. स्थिर विनिमय दर, भांडवलाची मोकळी ये-जा आणि स्वतःचं व्याजदर धोरण, या तिन्ही गोष्टी एका देशाला एकाच वेळी मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. हे सूत्र पाठ होतं पाच मिनिटांत, पण त्याची धार उदाहरणातूनच कळते.

16 सप्टेंबर 1992 चं ब्रिटन पाहा. पौंड युरोपीय विनिमय दर यंत्रणेत, म्हणजे युरोपीय चलनांचे आपसातले दर ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या व्यवस्थेत, बांधलेला होता. एकीकरणानंतर जर्मनीने व्याजदर चढे ठेवले होते, आणि पौंड टिकवायचा तर ब्रिटनलाही दर वाढवणं भाग होतं. त्या दिवशी सरकारने व्याजदर 10 वरून 12 टक्क्यांवर नेला, 15 टक्क्यांची घोषणाही केली, आणि संध्याकाळी हार मानून यंत्रणेतून बाहेर पडलं. देश मंदीत होता आणि बहुतेक घरकर्जं बदलत्या व्याजदराची असल्यामुळे वाढीव दर थेट मतदारांच्या हप्त्यांत उतरणार होता. सटोडियांनी ओळखलं होतं की हे सरकार फार काळ हा मार सोसणार नाही. कोंडी अर्थशास्त्राने दाखवली. त्यातलं काय सोडायचं हे घरकर्जाच्या हप्त्यांनी आणि मतपेटीने ठरवलं.

तिसरी पायरी: इतिहास साखळीने शिका

1846, 1914, 1930, 1944, 1971, 1982, 1995, 1997, 2008. ही सालं प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्याऐवजी एका घटनेने दुसरीला जन्म कसा दिला, हे एका पानावर बाणांनी जोडून काढा.

एक साखळी करून दाखवतो. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब तेलउत्पादकांनी तेलबंदी पुकारली आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या जवळ गेला. तेल विकणाऱ्या देशांकडे एवढे डॉलर आले की ते घरात खर्च होईनात. ते लंडन आणि न्यूयॉर्कच्या बँकांत जाऊन पडले. बँकांना तो पैसा कुठेतरी लावायचा होता. विकसनशील देशांना, विशेषतः लॅटिन अमेरिकेतल्या सरकारांना, कर्ज हवं होतं. कर्जं दिली गेली डॉलरमध्ये, बरीचशी बदलत्या व्याजदराने. 1979 मध्ये पॉल व्होल्कर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, प्रमुख झाले आणि घरची महागाई मोडून काढायला त्यांनी पतधोरण कमालीचं आवळलं. 1981 मध्ये तिथले अल्पमुदतीचे व्याजदर 20 टक्क्यांच्या घरात पोचले होते. कर्जदार देशांचे हप्ते फुगले, जागतिक मंदीने त्यांच्या मालाचे भाव पाडले, आणि ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोने सांगितलं की आता कर्जाची परतफेड शक्य नाही. मग आंतरराष्ट्रीय नाणेनिधी अटींसह पुढे आला, आणि त्या अटींतून पुढच्या दोन दशकांचं राजकारण घडलं.

या साखळीतली प्रत्येक कडी थांबून तपासण्यासारखी आहे. व्होल्करनी निर्णय अमेरिकी महागाईसाठी घेतला. किंमत मात्र त्यांना मत देऊ न शकणाऱ्या लोकांनी मोजली. कर्ज देणाऱ्या बँकांनी जोखीम पत्करली होती, मग नुकसानीत त्यांचा वाटा किती राहिला? 1989 च्या ब्रेडी योजनेपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या पुढाकाराने आलेल्या कर्जसवलतीच्या योजनेपर्यंत, मुद्दलाला व्यवस्थित कात्री का लागली नाही? असे प्रश्न वहीत साखळीशेजारी लिहीत जा. प्रबंधाचा विषय बहुधा तिथूनच निघतो.

दुसऱ्या दोन साखळ्या स्वतः करून पाहा: 1947 च्या गॅट या शुल्क आणि व्यापारविषयक करारापासून 1 जानेवारी 1995 ला जागतिक व्यापार संघटना सुरू होण्यापर्यंत आणि डिसेंबर 2019 मध्ये तिचं अपील मंडळ ठप्प होण्यापर्यंत, आणि जुलै 1997 मध्ये थायलंडच्या बाटच्या घसरणीपासून आशियाई देशांनी प्रचंड गंगाजळी साठवायला लागण्यापर्यंत.

चौथी पायरी: सिद्धान्त भांडणातून शिका

बहुतेक अभ्यासक्रम उदारमतवाद, राष्ट्रवादी वा वाणिज्यवादी विचार आणि मार्क्सवाद अशा तीन कप्प्यांनी सुरू होतात. कप्पे सुरुवातीला उपयोगी आहेत, पण वर्षभर त्यांतच राहिलं की उत्तरपत्रिका "उदारमतवादी म्हणतात, मार्क्सवादी म्हणतात" अशी होते आणि विद्यार्थी स्वतः काहीच म्हणत नाही. त्यापेक्षा एक घटना घ्या आणि सगळ्यांना तिच्यावर भांडू द्या.

1846 चं धान्य कायद्यांचं उच्चाटन यासाठी उत्तम. 1815 पासून ब्रिटन आयात धान्यावर निर्बंध लावून जमीनदारांचं हित राखत होता. जमीनदारांच्याच पक्षाचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी ते निर्बंध उठवले आणि त्यापायी स्वतःचा पक्ष फोडला. का?

एक उत्तर: मुक्त व्यापाराचा विचार पटला. दुसरं: मँचेस्टरच्या कारखानदारांना स्वस्त धान्य, म्हणजे कमी मजुरी हवी होती, आणि त्यांची ताकद वाढली होती. तिसरं: आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचं पीक बुडत होतं आणि वेळ उरला नव्हता. चौथं: उद्योगात सगळ्यांच्या पुढे गेलेल्या देशाला खुला बाजार सोयीचाच असतो. हे चौथं उत्तर जर्मन विचारवंत फ्रीडरिख लिस्ट यांच्या 1841 च्या मांडणीशी जुळतं. शिखरावर चढून गेलेला देश इतरांसाठी शिडी लाथाडतो, असं ते म्हणत. पुण्यात 1892 साली न्यायमूर्ती रानड्यांनी भारतीय राजकीय अर्थशास्त्रावर दिलेलं व्याख्यान याच वादात घालून वाचा, म्हणजे लिस्ट यांचा प्रश्न वसाहतीत काय रूप घेतो ते दिसेल.

आता यात हितसंबंधांचं एक तपासता येण्याजोगं सूत्र आणा. स्टॉल्पर आणि सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांच्या 1941 च्या प्रमेयानुसार खुल्या व्यापारात देशात मुबलक असलेल्या उत्पादन घटकाचे (जमीन, श्रम किंवा भांडवल) मालक कमावतात आणि दुर्मीळ घटकाचे मालक गमावतात. ब्रिटनमध्ये जमीन दुर्मीळ, म्हणून जमीनदार विरोधात. या चित्रात भांडण वर्गांमध्ये होतं. दुसरी मांडणी म्हणते की भांडवल आणि कौशल्य आपापल्या उद्योगात अडकून पडलेले असतात, म्हणून भांडण उद्योगांमध्ये होतं. कोणती बरोबर? तपासणं शक्य आहे. शुल्काच्या प्रश्नावर एकाच उद्योगातले मालक आणि कामगार संघटना संसदेच्या समितीसमोर एका बाजूने बोलल्या की विरुद्ध? एका बाजूने बोलत असतील तर दुसऱ्या मांडणीचं पारडं जड. सिद्धान्त असा वापरला की तो अंगी लागतो.

सत्तेबद्दल वाचताना सुझन स्ट्रेंज यांच्या चार रचना जवळ ठेवा: सुरक्षा, उत्पादन, वित्त आणि ज्ञान. कोण कोणाला धमकावतो एवढंच त्या पाहत नाहीत. खेळाचे नियम कोण आखतो हे विचारतात. डॉलर घ्या. मध्यवर्ती बँकांची बँक असलेल्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एप्रिल 2022 च्या पाहणीत जगात दररोज 7.5 लाख कोटी डॉलरची चलन उलाढाल होत होती आणि 88 टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. त्यामुळे एखाद्याला डॉलरच्या वाटा बंद करणं हे कोणतंही जहाज न हलवता वापरता येणारं हत्यार ठरतं. किंवा नाणेनिधी घ्या. तिथल्या सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांना 85 टक्के मतं लागतात, आणि एकट्या अमेरिकेकडे सुमारे 16.5 टक्के मतं आहेत. नकाराधिकार हा शब्द नियमावलीत न लिहिताही तो तिथे आहे.

पाचवी पायरी: वाचन

आठवड्याला मिळणारं वाचन अफाट असतं आणि सगळं सारख्या बारकाईने वाचणं व्यर्थ आहे. एक लेख खोल वाचा, बाकीचे गाभ्यापुरते. खोल वाचताना पाच गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहा: लेखकाला नेमकं कशाचं स्पष्टीकरण द्यायचं आहे, तो कारण कोणतं सांगतो, त्या कारणापासून परिणामापर्यंतची वाट कोणती, पुरावा काय, आणि काय दिसलं असतं तर त्याचं म्हणणं खोटं ठरलं असतं. पाचव्या प्रश्नाचं उत्तर सापडत नसेल तर तो लेख कितीही भारदस्त असो, त्याच्याकडे संशयाने पाहा.

संख्याशास्त्रीय तक्त्यांना घाबरून पानं उलटू नका. प्रतिगमनाचा (एका गोष्टीसोबत दुसरी किती बदलते हे मोजणाऱ्या पद्धतीचा) तक्ता वाचण्यापुरतं संख्याशास्त्र एका सत्रात येतं. त्याहून महत्त्वाची आहे ती निवडीच्या दोषाची जाण. नाणेनिधीकडून कर्ज घेतलेल्या देशांची वाढ मंद दिसते, यावरून कर्जाने वाढ मंदावली असं म्हणणं म्हणजे दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात म्हणून दवाखान्यालाच दोष देणं. संकटात सापडलेले देशच तिथे जातात. चांगले संशोधक ही गाठ सोडवण्यासाठी काय युक्ती करतात, ते शोधत वाचा.

सहावी पायरी: आकडे आणि मूळ कागद

पहिल्या वर्षापासून मूळ कागद वाचायची सवय लावा. नाणेनिधीचे देशवार वार्षिक आढावे, कर्जासाठी सरकारांनी लिहून दिलेली हमीपत्रं, व्यापार संघटनेतल्या तंट्यांचे निकाल आणि देशांच्या व्यापार धोरणाचे आढावे, मध्यवर्ती बँकांची निवेदनं. यांतलं बरंचसं मोफत उपलब्ध आहे. पाठ्यपुस्तकात "कडक अटी" असं वाचणं वेगळं आणि हमीपत्रात कोणत्या अनुदानाला कधी कात्री लावायची याची तारीख वाचणं वेगळं.

व्यापाराचे आकडे वापरताना एक प्रयोग करा. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड संचातून एका देशाची दुसऱ्याला झालेली निर्यात काढा, मग दुसऱ्याने नोंदवलेली पहिल्याकडची आयात काढा. दोन्ही एकच असायला हवेत, पण नसतात. आयातीत बहुधा वाहतूक आणि विमा धरलेला असतो, निर्यातीत नसतो; हाँगकाँग किंवा रॉटरडॅमसारख्या बंदरांतून माल पुढे जातो; काही ठिकाणी शुल्क चुकवण्यासाठी किंमत कमी दाखवली जाते. हा फरक एकदा स्वतः पाहिला की आकड्यांचा आदर आणि संशय दोन्ही योग्य मापात येतात.

शिवाय वस्तू ज्या देशातून निघते तिथेच तिचं सगळं मूल्य तयार झालेलं नसतं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयफोनच्या तेव्हाच्या मॉडेलची उत्पादन किंमत सुमारे 179 डॉलर काढली होती; त्यातले चीनमधल्या जुळणीचे होते फक्त 6.50 डॉलर. सीमाशुल्काच्या नोंदीत मात्र पूर्ण किंमत चीनची निर्यात म्हणून येते. कोणत्या दोन देशांत किती तूट आहे यावर भाषणं ठोकली जातात, तेव्हा हे उदाहरण आठवा. मूल्यवर्धनानुसार, म्हणजे कोणत्या देशात किती मूल्याची भर पडली त्यानुसार, व्यापार मोजणारी आकडेवारी आता ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची संघटना देते. ती वापरायला शिका.

सातवी पायरी: प्रबंध

"जागतिकीकरणाचे विकसनशील देशांवरील परिणाम" हा विषय घेऊन कोणी आलं की मार्गदर्शकाचा चेहरा उतरतो, कारण यात उत्तर चुकण्याची शक्यताच नाही. चांगल्या प्रश्नात एक कोडं असतं: सारख्या दिसणाऱ्या परिस्थितीत वेगळं का घडलं?

एक नमुना उलगडून दाखवतो. 2008 च्या संकटात जगभरच्या बँकांना डॉलरचा तुटवडा पडला. फेडरल रिझर्व्हने 14 मध्यवर्ती बँकांना चलन अदलाबदलीची सोय दिली, म्हणजे त्यांचं चलन तारण घेऊन डॉलर पुरवले. 29 ऑक्टोबर 2008 ला या यादीत ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर आले, प्रत्येकी 30 अब्ज डॉलरपर्यंत. आइसलंडने मागितली होती, त्याला नकार मिळाला. प्रश्न असा: यादीत कोण आलं आणि का?

आता किमान तीन स्पर्धक उत्तरं मांडा. अमेरिकी बँकांचा पैसा जिथे जास्त अडकला होता ते देश निवडले गेले. किंवा ज्यांची पडझड अमेरिकेलाही ओढून नेईल असे मोठे देश निवडले गेले. किंवा राजकीय जवळीक कामी आली. प्रत्येक उत्तर खरं असेल तर पुराव्यात काय दिसायला हवं ते आधी लिहून ठेवा, पुरावा पाहण्यापूर्वी. मगच शोधा. अमेरिकी बँकांची देशवार येणी बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या आकडेवारीत सापडतात. फेडच्या धोरण समितीच्या बैठकांचे शब्दशः वृत्तान्त पाच वर्षांनी खुले होतात, त्यामुळे 2008 चे आता कोणालाही वाचता येतात. त्या बैठकांत कोण कोणत्या देशाबद्दल काय युक्तिवाद करत होतं ते तिथे आहे. तिसऱ्या उत्तराची कसोटी आइसलंडवर लावा: नाटोचा सदस्य असूनही त्याला नकार का? एवढ्याने राजकीय जवळीक पूर्ण बाद होत नाही, पण ती एकटी पुरत नाही हे नक्की. मग विचारा की तिच्या जोडीला काय लागत होतं.

असा प्रश्न पदवीच्या प्रबंधालाही पेलतो, कारण तो बांधलेला आहे: एक निर्णय, एक काळ, मोजके देश, मिळण्याजोगा पुरावा. वेळेचं म्हणाल तर एकूण अवधीचा तिसरा हिस्सा प्रश्न घडवण्यात गेला तरी घाबरू नका. तिथे घाई करणारे शेवटी लिहिताना अडकतात.

लिहायला लागल्यावर सिद्धान्ताचं प्रकरण आखूड ठेवा. कोणी कधी काय म्हटलं याची जंत्री परीक्षकाला नको असते. तुमच्या कोड्यावर कोणता सिद्धान्त काय भाकीत करतो, एवढंच हवं असतं. मार्गदर्शकाला भेटायला जाताना "कसं चाललंय" या गप्पांसाठी जाऊ नका. दोन पानं आधी पाठवा, आणि भेटीत एकच गोष्ट विचारा: माझं उत्तर खोटं पाडायचं असेल तर तुम्ही कुठून सुरुवात कराल? जे उत्तर मिळेल त्यावर प्रबंधात एक पूर्ण विभाग लिहा, आणि तो शेवटच्या प्रकरणात ढकलू नका. पुराव्याच्या लगोलग घाला.